श्रीकाराची शिरोरेघ

मोहनभावोजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मंगळवारची सकाळ होती, साडेनऊ वाजून गेले होते. हॉस्पिटलात माझा नवरा सुरेश होता, आपल्या धाकट्या भावाच्या उशाशी. "गेला गं," एवढंच तो म्हणाला. मी तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. आता जे लिहिते आहे ते वाचून काही नातेवाईक माझ्याशी बोलणं टाकतील, पण लिहिते. मला हायसं वाटलं. रडू आलं, ते नंतर आणि भरपूर आलं. पण सगळ्यात आधी छातीतून एक मोठा श्वास सुटला. दुखण्यातून माणूस सुटला म्हणून लोक जे म्हणतात, तसलं ते नव्हतं. दुखणं त्यांना झेपत होतं. जे झेपत नव्हतं ते सहा वर्षांचं जुनं होतं, आणि ते डोक्यावरून उतरून त्यांना जेमतेम तीन महिने झाले होते. ते तीन महिने मिळाले नसते, तर हा लेख मी लिहायला घेतलाच नसता.

मोहनभावोजी माझे धाकटे दीर, वयाने माझ्याहून वर्षभर मोठे. त्यामुळे ते मला 'वहिनी, तुम्ही' आणि मी त्यांना 'भावोजी, तुम्ही', हे शेवटपर्यंत चाललं. लग्न होऊन मी ठाण्याला, कोपरीच्या घरात आले तेव्हा ते एका भांड्यांच्या दुकानात कामाला होते. काम काय, तर भांड्यांवर नावं घालणं. लग्नसराईत दुकानासमोर आयाबायांची ही गर्दी, आणि भावोजी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून विजेवर चालणाऱ्या पेन्सिलीने डब्यांवर, तांब्यांवर, ताटांवर नावं कोरतायत. दुकानातले बाकीचे लोक ठिपक्याठिपक्यांनी कसंबसं नाव उरकायचे. भावोजींचं अक्षर वळणदार, आणि शिरोरेघ एका दमात, या टोकापासून पार त्या टोकापर्यंत ओढलेली. शाळेत कुणा मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, की शिरोरेघ अर्धवट सोडणारा माणूस कामंही अर्धवट सोडतो. आम्ही त्यांना यावरून फार चिडवायचो. नावातलं अक्षर चुकलं तरी चालेल, रेघ पुरी पाहिजे, असं त्यांचं आहे म्हणायचो. ते हसायचे आणि आणखी लांब रेघ ओढायचे.

दुकानाच्या मागच्या गल्लीत एक स्कूटरचं गॅरेज होतं. सुट्टीच्या दिवशी भावोजी तिथे जाऊन बसायला लागले, मग हात काळे करायला लागले, आणि चार-पाच वर्षांत त्यांनी कोपरीतच स्वतःचं गॅरेज टाकलं. लग्न त्यांनी केलं नाही. गॅरेजच्या मागे एक खोली होती, तिथेच राहायचे. आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो तरी ते काही कोपरी सोडून आले नाहीत. आधी स्कूटरी, मग मोठ्या मोटारसायकली, आणि मग हे ड्रॅग रेसिंगचं खूळ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सरळसोट पट्टी, अंतर पाव मैल, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि जो आधी पोचला तो जिंकला. वळण नाही, काही नाही. दहा-अकरा सेकंदांत खेळ खलास. पण त्यात शोरूमवाले पैसे घालतात, पगारी रायडर असतात, राष्ट्रीय स्पर्धा असते, आणि त्यांची इंजिनं बनवणारे मोजके लोक असतात. भावोजी त्यांतले एक झाले. मी एकदा त्यांना म्हटलं, "दहा सेकंदांसाठी चार-चार महिने खपता, कमाल आहे तुमची." तर म्हणाले, "वहिनी, त्या दहा सेकंदांत इंजिन दहा वर्षांचं म्हातारं होतं. मी आपला त्याचा डॉक्टर."

आमच्या दोघांचं जमायचं त्याचं कारण मोडकीतोडकी लोखंडं. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका फोर्जिंग कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत नोकरीला. पोलादाचे नमुने घ्यायचे, यंत्रात घालून तोडायचे आणि किती जोर लागला ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. आयुष्यभर मी पगार घेऊन तोडत आले आणि भावोजी जोडत आले. रविवारी जेवायला आले की खिशातून काही ना काही तुटकं बाहेर निघायचंच. मध्यभागी भोक पडलेला पिस्टन, वाकडा झालेला व्हॉल्व्ह, दात झडलेला गिअर. ताटाशेजारी ते ठेवून आम्ही दोघं बोलत बसायचो आणि सुरेश म्हणायचा, "जेवताना तरी मयतं आणू नका रे." शर्यतीच्या इंजिनात वस्तू तुटायच्याच, त्यात लाज नव्हती. का तुटली ते कळलं नाही तर मात्र भावोजींना घास गोड लागायचा नाही. "कारण सापडलं की तुटलेलं परत तुटत नाही," असं म्हणायचे.

त्यांचं पहिलं शर्यतीचं इंजिन तयार होत होतं तेव्हा मी शिरा करून गॅरेजवर घेऊन गेले होते. टेबलावर स्वच्छ पंचावर सगळे भाग मांडलेले. मी हौसेने म्हणाले, "भावोजी, पहिलं इंजिन आहे. श्री काढा की त्यावर कुठेतरी." नवी वही, लग्नाची यादी, किराणा, काहीही लिहायला घेतलं की आपण वर श्री काढतो, तेवढ्याच सहजपणे बोलले. भावोजींना ते एकदम पटलं. कपाटातून त्यांनी भांड्यांवर नावं घालायची ती जुनी पेन्सिल काढली आणि जरा विचार करून कॉनरॉड हातात घेतला. कॉनरॉड म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा वीतभर पोलादी दांडा. इंजिनात सगळ्यात जास्त ओढाताण कोणाची होत असेल तर त्याची. "सगळ्यात जास्त काम हाच करतो, तर मान ह्याचा," असं म्हणून त्यांनी त्या दांड्यावर सुबक श्रीकार कोरला, आणि शिरोरेघ अर्थातच एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढली. मी शेजारी उभी राहून कौतुकाने बघत होते. पुढे त्यांनी बनवलेल्या प्रत्येक इंजिनात, प्रत्येक कॉनरॉडवर श्री असायचा. बाहेरून कुणाला दिसायचा नाही, पण रायडर पोरांना ठाऊक असायचं आणि त्यांना त्याचा धीर वाटायचा.

कल्याणचा सचिन हा त्यांचा सगळ्यात लाडका रायडर. एका शोरूमवाल्यांच्या संघाकडून पगारावर शर्यती खेळायचा, आणि गाडीचं इंजिन भावोजींचं. सहा वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या विमानपट्टीवर शर्यत होती. अर्ध्याहून अधिक अंतर गेल्यावर इंजिनातला कॉनरॉड तुटला, इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला, मागच्या चाकावर तेल सांडलं आणि गाडी घसरली. सचिन वाचला. पण उजव्या पायाची मांडी आणि गुडघा यांचं पार वाटोळं झालं. तीन ऑपरेशनं झाली, वर्षभर तो घरात होता. आजही लंगडतो. शर्यतीची गाडी त्याने परत चालवली नाही.

कॉनरॉड क्रँकला दोन बोल्टांनी बांधलेला असतो. फुटलेल्या इंजिनात त्यांतला एक बोल्ट तुटलेला मिळाला, दुसरा पट्टीवर कुठे उडाला तो सापडलाच नाही. आणि भावोजींनी त्याच क्षणी ठरवून टाकलं. हॉस्पिटलच्या बाकावर बसून ते मला म्हणाले, "वहिनी, दुसरा बोल्ट मी टाईटच केला नाही. पहिला केलेला, तेवढ्यात पार्टवाल्याचा फोन आला. बोलत बोलत बाहेर गेलेलो. परत आलो आणि... मला आठवतच नाही हो पुढचं. केला की नाही केला, काहीच आठवत नाही." त्या दोन मिनिटांची आठवण त्यांच्या डोक्यातून साफ गेली होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, केला असेल. भावोजी म्हणाले, विसरलो. सचिन शुद्धीवर आल्यावर त्यालाही त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. सचिनने काय केलं, तर त्यांचा हात धरून ठेवला. त्याचे आईवडील एक वावगा शब्द बोलले नाहीत. त्या चांगुलपणाने तर त्यांना जास्तच लागलं असावं.

मी तेव्हा म्हटलं होतं, तुकडे माझ्याकडे द्या, मी प्रयोगशाळेत बघते. "वहिनी, समजूत काढायचा रिपोर्ट नको मला," ते म्हणाले आणि तुकडे एका पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात टाकले. मीही फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. बोल्ट सैलच होता असं निघालं, तर ते त्यांना मीच सांगायचं? त्यापेक्षा शंका परवडली, असं मला वाटलं. तिथे माझं चुकलं. शंका परवडत नाही, हे मी पुढची सहा वर्षं बघत होते.

शर्यतीचं काम त्यांनी बंद केलं. परत स्कूटरींवर आले. स्कूटरीचं चाक बसवलं की प्रत्येक नटवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे, म्हणजे हा आपण आवळला हे नंतर दिसावं. कोपरीतली पोरं त्यांना पिवळे काका म्हणायला लागली. गॅरेजला कुलूप लावून स्टेशनच्या पुलापर्यंत जायचे आणि कुलूप लावलं का ते बघायला परत यायचे. कधी कधी दोनदा यायचे. आमच्याकडे राहिले तर गॅस, नळ, दाराची कडी सगळं तपासून मगच आडवे व्हायचे आणि पुन्हा उठायचे. सुरेश चिडायचा. मी चिडायची नाही, पण मला ते बघवायचं नाही. ज्या माणसाच्या हातावर लोक डोळे मिटून जीव टाकायचे, त्याचाच आपल्या हातांवर विश्वास उरला नव्हता.

मग गेल्या वर्षी खोकला सुरू झाला. फुप्फुसाचं दुखणं, आणि कळलं तेही उशिरा. आम्ही त्यांना डोंबिवलीला आणलं. गॅरेज आवरायला मी कोपरीला जाणार होते, तेव्हा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलवून सगळं देऊन टाका. कपाटात पत्र्याचा डबा आहे, तोही द्या. उघडू नका." या घरची सून म्हणून मी पुष्कळ ऐकलं आहे. हे ऐकलं नाही. डबा उघडला, तुकडे जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातले आणि भंगारवाल्याला रिकामा डबा दिला.

शनिवारी कारखान्यात वर्दळ कमी असते. प्रयोगशाळेत मी एकटीच होते. तुकडे धुतले, ब्रशने साफ केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. एका फटक्यात तुटलेलं पोलाद खडबडीत, दाणेदार दिसतं. पण हळूहळू, दर फेरीला केसाएवढं पुढे सरकत तुटलेलं असेल तर त्यावर वळ्या उमटतात, तिसऱ्यांच्या शिंपल्यावर असतात तशा. या दांड्यावर त्या वळ्या स्वच्छ दिसत होत्या. म्हणजे त्या दिवशी काही अचानक झालं नव्हतं. तडा कितीतरी आधीपासून, कितीतरी शर्यतींपासून आत शिरत होता. शिंपल्याच्या वळ्या जशा एका टोकाशी गोळा होतात, तशा याही एका टोकाशी गोळा होत होत्या. मी भिंग फिरवत फिरवत त्या टोकाशी आले. तिथे शिरोरेघ होती. श्रीकाराची शिरोरेघ, काठापर्यंत पुरी ओढलेली. तडा बरोब्बर तिच्यातून निघाला होता.

बोल्टांचंही बघितलं. सापडलेला बोल्ट ताणून, लांब होऊन तुटला होता, म्हणजे दांडा तुटल्यानंतर तो ओढला गेला. आणि हरवलेल्या बोल्टाच्या बैठकीवर त्याच्या डोक्याने दाबून पाडलेलं गोल वर्तुळ होतं, पहिल्याच्या बैठकीवर होतं तसंच, तेवढंच खोल. सैल बोल्ट असं वर्तुळ पाडत नाही. भावोजींनी फोन ठेवला होता, आत आले होते आणि दुसरा बोल्ट आवळला होता. फक्त आठवण राहिली नव्हती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. आनंद झाला. एकटीच होते, मोठ्याने "सैल नव्हता!" असं ओरडले. आणि मग अर्ध्या मिनिटाने आठवलं. श्री काढा, असं मी म्हणाले होते. आणि मी कोण, तर रोज सकाळी पोलादाच्या नमुन्याला मुद्दाम खाच पाडून तो यंत्रात तोडणारी बाई. खाच असली की पोलाद तिथूनच तुटतं, हे मला जेवढं माहीत होतं तेवढं भावोजींना माहीत असायचं काही कारणच नव्हतं. शेजारी उभी राहून मी कौतुक करत होते. श्रीची खाच होऊ शकते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

दोन दिवस मी फक्त सुरेशला सांगितलं होतं. सुरेश म्हणाला, "आता या अवस्थेत त्याला कशाला सांगतेस? काय उपयोग?" मी त्याच्यावर एवढी भडकले की शेजारचे डोकावून गेले. उपयोग असला तर याच अवस्थेत होता. सोमवारी दुपारी भावोजींचं जेवण झाल्यावर मी टॉवेल त्यांच्या पलंगावर उलगडला. त्यांचा चेहरा पडला. "वहिनी, मी नको म्हटलेलं ना..." मी भिंग त्यांच्या हातात दिलं आणि बोटाने जागा दाखवली. त्यांनी खिडकीकडे वळून बराच वेळ पाहिलं. माझ्या प्रयोगशाळेच्या गप्पा वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस, त्याला वळ्या समजावून सांगायची गरज नव्हती.

"हा तर श्री..." ते म्हणाले आणि थांबले. मग एकदम माझ्याकडे बघून, "म्हणजे बोल्ट टाईट होता?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"दुसरा पण?"

"दुसरा पण, भावोजी. बैठकीवर खूण आहे. बघा."

"म्हणजे मी विसरलेलो नव्हतो."

हे वाक्य ते तीनदा म्हणाले. पहिल्यांदा मला विचारल्यासारखं, दुसऱ्यांदा स्वतःशी. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. हसता हसता खोकल्याची उबळ आली, पाणी दिलं, तर पुन्हा हसायला लागले. "सहा वर्षं, वहिनी! सहा वर्षं मी गणपतीसमोर कान धरतोय, आणि घोळ त्याच्याच नावाने केलेला." चूक त्यांचीच निघाली होती, आणि माणूस खुळ्यासारखा आनंदात होता. मला ते तेव्हाच समजलं. माहीत नसल्यामुळे झालेली चूक त्यांना पेलत होती. कामात लक्ष नव्हतं, हा डाग पेलत नव्हता. माझा त्यातला वाटा मात्र मी त्या दिवशी बोलले नाही. त्यांनीही काढला नाही. त्यांना आठवत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

आणि मग हसू थांबलं. "वहिनी, माझा फोन द्या. माझी अजून तीन इंजिनं लोकांकडे आहेत, त्यांच्यावरही श्री आहे."

पहिला फोन सचिनला लावला. भावोजी जवळजवळ ओरडूनच म्हणाले, "सचिन, मी विसरलेलो नव्हतो रे!" आणि सगळं सांगितलं. मग सचिन म्हणाला, "काय काका तुम्ही. मग एवढी वर्षं मी तुम्हाला माफ करत होतो, ते सगळं फुकट गेलं?" फोन स्पीकरवर होता. आम्ही तिघंही हसत होतो आणि तिघंही रडत होतो... तीन इंजिनांचा पत्ता सचिननेच काढला. एक भंगारात गेलं होतं. दुसऱ्याचे रॉड मधे कधीतरी बदलले होते. तिसरं शीळफाट्याच्या समीरकडे होतं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याची शर्यत होती.

समीर ऐकेना. "काका, मख्खन चालतेय गाडी. रेस तोंडावर आलीय, आता कशाला खोलायची?" भावोजींनी वाद घातला नाही. "मी येतो," म्हणाले. डॉक्टरांनी घराबाहेर पडू नका म्हणून बजावलेलं. सुरेशने गाडी काढली, मी तपासणीच्या रंगाचे डबे पिशवीत घेतले, आणि आम्ही दुपारी शीळफाट्याला समीरच्या गॅरेजवर पोचलो. सचिन आधीच येऊन बसला होता. भावोजींना बघितल्यावर समीरने मुकाट्याने इंजिन उतरवायला घेतलं. रॉड बाहेर आले. मी त्यांवर लाल रंग लावला, पुसला, वरून पांढरी पावडर फवारली. कुठे बारीक तडा असेल तर त्यात शिरलेला रंग पावडरीवर परत वर येतो. आम्ही पाच जण खाली वाकून बघत होतो. तीन रॉड पांढरेशुभ्र राहिले. चौथ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटली, श्रीकाराच्या डोक्यावर, काठाकडून आत आलेली. समीर जागच्या जागी खाली बसला. "पुढच्या रेसला मी यावर..." एवढंच बोलला. सचिनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

नवे रॉड आले त्या दिवशी भावोजी हट्टाने परत शीळफाट्याला गेले. बोल्ट मीच आवळणार, म्हणाले. भंगारात द्यायला जिवावर आला म्हणून मी ठेवून घेतलेला त्यांचा टॉर्क पाना बरोबर नेला होता; ठरलेला जोर लागला की तो 'टक' असा आवाज करतो. त्यांची मनगटं काडीसारखी झाली होती. समीर मदतीला पुढे झाला तर त्याला डोळ्यांनीच मागे सारलं. आठ बोल्ट, आठ वेळा 'टक'. मधे कुणाचा तरी फोन वाजला. भावोजींनी मान वर केली नाही. झाल्यावर पाना त्यांनी स्वतःच पेटीत ठेवला, तेव्हा समीर बिचकत म्हणाला, "काका, श्री?" तर म्हणाले, "काढ की. टाकीवर काढ, खडूने." समीरचा त्या शर्यतीत तिसरा नंबर आला. इंजिन जसंच्या तसं परत आलं. भावोजींनी नंबर विचारला नाही, फक्त इंजिनाचं विचारलं.

त्या दिवसांनंतर आमच्याकडे ते रात्रीचे उठले नाहीत. कडी, नळ, गॅस, सगळं आम्हा पामरांवर सोडून झोपायचे, आणि घोरायचे. इतकं मोठ्याने घोरायचे की सुरेश वैतागायचा. मी म्हणायची, घोरू दे.

माझं मात्र सुटायचं होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांना हॉस्पिटलात हलवलं. रविवारी दुपारी मी एकटीच त्यांच्याजवळ होते. बोलताना त्यांना दम लागायचा. मी मोसंबं सोलत होते. हातातलं मोसंबं ठेवलं आणि म्हणाले, "भावोजी, श्री काढा असं मीच सांगितलं होतं. तुमच्या लक्षात नसेल." ते डोळे मिटून होते. वाटलं, झोप लागली असेल... मग डोळे न उघडताच म्हणाले, "आहे ना लक्षात. शिरा आणलेला तुम्ही. तुम्ही म्हणालात, कुठेतरी काढा. कुठे काढायचा, ते मी ठरवलं." थोडा दम घेतला आणि पुढे म्हणाले, "माझी चूक मला राहू द्या, वहिनी. एवढ्या वर्षांनी हातात आलीय, वाटून नाही घेणार." मी रडतेय की हसतेय, मलाच कळेना. त्यांनी मोसंब्यासाठी हात पुढे केला. दोन फोडी खाल्ल्या. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी गेले.

महिना झाल्यावर सचिन आणि मी गॅरेजची चावी जागेच्या मालकाला द्यायला कोपरीला गेलो. खोली धुऊन काढली होती. फळीवर तेवढी एक लांबट निळी पेटी राहिली होती, शीळफाट्याहून परत आल्यावर सुरेशने न उघडता तिथे नेऊन ठेवलेली. आत टॉर्क पाना होता. सचिन भिंतीला टेकून उभा राहिला, दुखरा पाय जरा उचलून, आणि पाना उजेडात धरून त्याच्या मुठीवरचा आकडा बघत बसला. "काय बघतोस?" मी विचारलं. म्हणाला, "काकी, काम झालं की ह्याची मूठ फिरवून आतली स्प्रिंग सैल करून ठेवायची असते. नाहीतर ती ताणलेलीच राहते आणि पाना खोटा आकडा दाखवायला लागतो. भले भले मेकॅनिक विसरतात. दमून घरी जाताना तर हमखास." त्या दिवशी शीळफाट्याला भावोजींना गाडीपर्यंत न्यायला दोघांनी धरावं लागलं होतं, ते मला आठवलं. "मग?" मी म्हटलं. सचिनने पाना माझ्यासमोर धरला. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी मूठ हातात घेऊन जरा फिरवून पाहिली. सैल होती.